रुमाल टाकलेली खुर्ची

बोरस्ते काकांच्या घरात खुर्च्या दोन आहेत आणि पाहुण्याला बसायला एकही नाही. एकीवर काका स्वतः बसतात. दुसरीवर निळ्या काठाचा धुतलेला रुमाल टाकलेला असतो, आणि तुम्ही टेकायला गेलात की काका हात आडवा करतात. "तिथं नको. माणूस येतोय."

ज्यांनी एस.टी.नं प्रवास केलाय त्यांना ही पद्धत समजावायला नको. गाडी स्टँडात शिरते, नीट थांबलेलीही नसते, तोवर लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते सीटवर टाकून मोकळे होतात. मग दुसरा कोणी तिथं बसू लागला की रुमालवाला म्हणतो, माणूस येतोय. माणूस कुठं दिसत नसतो. कदाचित चहा पीत असतो, कदाचित अजून घरूनच निघालेला नसतो. पण रुमाल उचलून बाजूला फेकायची कोणाची टाप नसते. एवढी नीतिमत्ता आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

काकांचा माणूस मात्र मी शेजारी राहायला आल्यापासून येतोच आहे. आमच्या बिल्डिंगचे चेअरमन एकदा बोलता बोलता सरळ त्या रुमालावर बसले. काकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, रुमाल झटकला, पुन्हा नीट पसरला आणि म्हणाले, "हं, बोला. काय म्हणत होता?" चेअरमननी मेंटेनन्सचं सगळं भाषण उभ्यानं केलं. तेव्हापासून ते काकांकडे येत नाहीत. मी गेले तर उंबऱ्यावर बसते, मला त्याचं काही वाटत नाही.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडातल्या काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. खरं सांगायचं तर अजूनही करतात, फक्त माइक गेला. सकाळी नळ आला की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येतो, "पाणी फलाटावर लागलेलं आहे. प्रवाशांनी बादल्या लावून घ्याव्यात." कामवाल्या संगीताबाई आल्या नाहीत तर, "संगीताबाईंची आजची फेरी रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." आमची पंचवटीतली गल्ली काही शांत नाही. रिक्षा, घंटा, भाजीवाले, सगळं एकदम चाललेलं असतं. काकांचा आवाज त्या सगळ्यावरून जातो.

आता थोडं माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पोटासाठी प्रेमकथा लिहिते. मोबाइलवर ऐकायच्या असतात त्या, भागाभागांच्या. त्या ॲपवाल्यांची पुण्याची एक चुणचुणीत पोरगी मला फोन करते, तिला मी संपादकबाई म्हणते. ती म्हणाली, "मॅम, आता दोन पुरुषांची लव्हस्टोरी हवीय. सेकंड चान्स. तरुणपणी एकत्र, मग ताटातूट, मग उतारवयात परत भेट. हॅपी एंडिंग मस्ट." मी म्हटलं, देते. बाई आणि पुरुषाच्या अशा कथा मी ढिगानं लिहिल्यात. इथं नावं बदलायची, झालं.

लिहिलेलं मी गॅलरीत बसून मोठ्यानं वाचते, कारण ते शेवटी कानांसाठी असतं. माझी गॅलरी आणि काकांची गॅलरी यांच्यामध्ये एक पत्रा आहे. पहिला भाग वाचून झाला आणि पत्र्यापलीकडून आवाज आला.

"एक मिनिट. तुझा तो समीर, अनिकेतला सोडून गेला तो कशापायी?"

मी दचकले. पण लेखिकेचा तोरा असतोच. म्हटलं, "गैरसमज झाला, काका. त्याला वाटलं अनिकेतचं लग्न ठरलंय. मावशीनं सांगितलं."

"आणि त्यानं अनिकेतला विचारलं नाही? एका खोलीत राहत होते ना? एका स्टोव्हवर चहा करत होते ना? मग तोंड शिवलं होतं का?" पत्र्यावर टकटक झाली. "मंजू, तो गैरसमज काढून टाक. तो घाबरला. सरळ लिही, घाबरला."

मी खवळले. म्हटलं, काका, तुम्ही गाड्या पुकारा, मी कथा लिहिते. पण दुपारी गुपचूप तो भाग उघडला आणि मावशीला कथेतून घालवून दिलं. कथा लगेच सुधारली. त्याचा तर मला जास्तच राग आला.

तेव्हापासून रोज सकाळी मी वाचायला बसले की पलीकडे खुर्ची सरकायची. काका गाडी तपासायला हजर. समीरची बायको मी एका वाक्यात मारली होती, 'ती आजारपणात गेली.' काका म्हणाले, "बाईला नाव तरी दे. संसार केला ना तिनं त्याच्याबरोबर? का तुझी सोय व्हावी म्हणून मेली ती?" समीर परत येतो तेव्हा मी त्याला गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), आरतीच्या वेळी, लांबलचक माफी मागायला लावली होती. वाचता वाचता माझाच गळा भरून आला होता.  काका म्हणाले, "एवढं बोलता येत होतं त्याला, तर जायच्या दिवशी काय झालं होतं?"

शेवटची मिठी तर त्यांना अजिबात चालेना. "मिठी मारली की झालं? ह्या दुसऱ्यानं मधली सगळी वर्षं एकट्यानं काढली. दाढ दुखली तेव्हा गाल धरून एकटाच बसला. त्याला राग नाही येणार? त्यानं लगेच गळ्यात पडायचं?"

"मग काय भांडायला लावू दोघांना?"

"लाव की. भांडणाला ओळख लागते. परक्या माणसाशी नीट भांडता येत नाही." खुर्ची सरकली, काका आत गेले.

शेवटचा भाग सोमवारी द्यायचा होता. मिठी काढली होती आणि तिच्या जागी काय घालावं ते सुचत नव्हतं. अशात शुक्रवारी सकाळी पलीकडे खुर्ची सरकलीच नाही. नळ येऊन गेला, कोणी पुकारलं नाही. निम्म्या बिल्डिंगच्या बादल्या कोरड्या राहिल्या. मी जाऊन बेल वाजवली.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका आपल्या खुर्चीवर बसून समोरच्या रुमालाकडे बघत होते. दाढी वाढलेली. काकांची दाढी वाढलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काका, बरं नाही का?"

"रविवारी येतोय."

"कोण?"

त्यांनी हनुवटीनं ती खुर्ची दाखवली. मी उंबऱ्यावर बसले.

मग काका बोलले ते माइकच्या मराठीत नाही, त्यांच्या निफाडकडच्या बोलीत. "नामदेव त्याचं नाव. ड्रायव्हर होता. देवळ्याचा, 'आहे'ला 'शे' म्हणणारा. इथंच पंचवटीत एका खोलीत राहायचो आम्ही. लोक रूम पार्टनर म्हणायचे, आम्हीबी तेच म्हणायचो. दुसरा शब्दच नव्हता आमच्याकडं. रोजचं भांडण एकच. देवळ्याला जायचं ते चांदवडवरनं का वणीवरनं. मी म्हणायचो चांदवड, सरळ हायवे, गाडी टायमात. तो म्हणायचा वणी, जाता जाता देवीचा गड दिसतो. अरे, ड्रायव्हरनं गड बघायचा का रस्ता बघायचा? लय भांडायचो. जेवण गार होऊन जायचं."

ते हसले. मीही हसले. मग ते हसायचे थांबले.

"घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. ह्यानं मला न सांगता बदली मागून घेतली. एक दिवस मी माइकवर, देवळ्याची गाडी लागलेली, आणि हा ट्रंक घेऊन तिच्यात चढताना काचेतनं दिसला. वर बघितलं नाय त्यानं. ती गाडी मलाच पुकारायची होती." काकांनी गुडघ्यावरची पायजम्याची सुरकुती सारखी केली. "पुकारली. नीट पुकारली. कुठं अडखळलो नाय."

 समीर आणि अनिकेत मला एकदम पुठ्ठ्याचे वाटायला लागले.

"त्याची बायको मागच्या साली गेली. सुमन. चांगली होती बाई. एकदा त्यांच्या घरी गेलो होतो तर नको नको म्हणताना तूप वाढलं होतं तिनं. तिच्या दहाव्याला गेलो, मागं बसलो. नामदेवनं मला बघितलं, पण बोलला नाय. आणि आता काल फोन. पत्ता विचारला, रविवारी येऊन जातो म्हणाला."

"मग चांगलंच आहे की, काका."

"काय चांगलं आहे?" काका एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं माणूस येतोय म्हणत आलो, कोणी मला खोटं पाडलं नाय. आता तो येणार. चहा पिणार. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. मग त्या खुर्चीचं मी काय करू? मग कोण येतंय म्हणून सांगू लोकांना?"

"मग फोन करून सांगा, नका येऊ म्हणून."

"तेबी जमत नाय," काका म्हणाले.

शनिवारचा दिवस मी कसा काढला ते मला माहीत. पत्र्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. काकांनी रुमाल धुतला, वाळत घातला, अर्धवट ओला असतानाच इस्त्री केला, खुर्चीवर टाकला, उचलला, परत टाकला. मधेच मोठ्यानं म्हणाले, "दारातूनच परत पाठवतो." मग जाऊन जादा दूध घेऊन आले. त्या नामदेवाला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण दिवसभर मनातल्या मनात मी त्याच्याशी कडाकडा भांडत होते. संपादकबाईंचा फोन आला, मी कट केला.

रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे. पांढरा शर्ट, दाढी घोटलेली. "चल."

"मी कशाला?"

"मी मधूनच परत फिरायला लागलो तर धरायला."

देवळ्याच्या गाड्या नाशकात दोन वाटांनी शिरतात. चांदवडवरून आलेली आडगाव नाक्याला येते, वणीवरून आलेली दिंडोरी नाक्याला. मला वाटलं, चांदवडचा रस्ता हा काकांचा जन्माचा हट्ट, म्हणजे आडगाव नाक्यालाच जायचं. पण रिक्षात बसताच काका म्हणाले, "दिंडोरी नाका."

"काका, नक्की?"

"वणीवरनंच येणार तो. गड बघितल्याशिवाय त्याला घास उतरत नाय."

"फोन करून विचारून घ्या ना."

"फोन घरी ठेवलाय."

"विसरलात?"

"ठेवलाय. वाटेत फोन आला आणि येत नाही म्हणाला, तर?"

 मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले.

नाक्यावर ऊन चढायला लागलं होतं. काका हात मागे बांधून, ताठ, ड्युटीवर असल्यासारखे उभे. पहिली गाडी आली. कोथिंबिरीचं गाठोडं घेतलेली एक बाई उतरली, कॉलेजची दोन पोरं, गडावरून दर्शन घेऊन आलेलं नवीन जोडपं, हळदीचे हात. मग एक म्हातारा पाठमोरा, हळूहळू पायरी उतरणारा. काकांनी माझं मनगट धरलं. म्हातारा वळला. काकांनी मनगट सोडलं.

"पुढच्या गाडीला असेल," मी म्हटलं.

 मी समोरून दोन चहा आणले. काकांचा चहा हातातल्या हातात गार झाला. पुढची गाडी आली ती जवळजवळ रिकामीच होती. तिच्या ड्रायव्हरनं खाली उतरून आळस दिला आणि तो टपरीकडे गेला. दार उघडंच होतं, आत कोणी उरलं नव्हतं, तरी काका पायरीवर चढून मागच्या बाकापर्यंत बघून आले.

खाली उतरल्यावर ते पुकारल्यासारखं म्हणाले, पण ओठातल्या ओठात, "देवळ्याहून वणीमार्गे येणारी गाडी." पुढचं म्हणाले नाहीत. मला त्या न आलेल्या माणसाचा इतका राग आला की माझे डोळेच भरून आले.

"चल, घरी जाऊ," काका म्हणाले. "तुझं लिखाण राहिलंय."

 जिना चढताना काका प्रत्येक मजल्यावर थांबले. एरवी ते मला मागे टाकून चढतात. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असे अचानक थांबले की मी त्यांच्या पाठीवर आदळले.

काकांच्या बंद दारासमोर, वरच्या पायरीवर, एक माणूस बसला होता. पांढरा पायजमा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, शेजारी कांद्याची छोटी गोणी. आम्हाला बघून तो उठला. उठायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"कुठं गेलता?" तो म्हणाला.

"तू कुठनं आला?" काका म्हणाले.

"चांदवडवरनं. आडगाव नाक्याला उतरलो. म्हटलं, तू तिथंच येशील न्यायला. जल्मभर चांदवड चांदवड करत व्हता."

"मी दिंडोरी नाक्याला होतो."

"तिकडं कशाले?"

"तू वणीवरनं येशील म्हणून. गड बघत."

 जिल्ह्यातले सगळे रस्ते तोंडपाठ असलेली ही दोन माणसं, आणि दोघांनी एकमेकांचा हट्ट लक्षात ठेवून एकमेकांना चुकवलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी कठडा धरून उभी राहिले.

मग काकांचा चेहरा पालटला. शनिवारी दिवसभर घोकलेला सगळा राग त्यांच्या तोंडावर आला. "इतका उशीर?"

"भ्यालो व्हतो," नामदेव म्हणाले.

"तेव्हा?"

"तवाबी. आजबी. नाक्यावर तू दिसला नाय, मंग इथं आलो. बेल वाजवली. फोन लावला तर आतून वाजला. म्हटलं, घरात शे आणि उघडत नाय."

"तरी बसलास?"

"बसलो. म्हटलं, कधी ना कधी दूध घ्यायला तरी दार उघडशील."

काकांनी खिशातून लॅचची किल्ली काढली. ती माझ्या हातात दिली. मी दार उघडलं.

नामदेव गोणी घेऊन आत आले आणि तिथंच थांबले. समोर दोन खुर्च्या, एकीवर इस्त्रीचा रुमाल. ते एस.टी.चे माणूस. टाकलेल्या रुमालाचा अर्थ त्यांना कोणी सांगायला नको होता. ते पाय मागे घेत, हळू आवाजात म्हणाले, "कोणी येणार शे का?"

काकांनी तोंड उघडलं. सगळा स्टँड ज्या गळ्यानं हलायचा त्या गळ्यातून आवाज फुटेना. त्यांनी वाकून रुमाल उचलला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ते पुसायला तो रुमाल काही त्यांनी काढला नाही. नुसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

नामदेव बसले.

मी अजून दारातच होते, वेड्यासारखी. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्यापुरत्या आवाजात म्हणाले, "मंजू, गाडी फुल्ल झाली."

मी दार ओढून घेतलं. ते लागायच्या आत काकांचा आवाज आला, "आता तूच सांग, चांदवडवरनं टायमात आली का नाय?"

"आली," नामदेव म्हणाले. "पण गड नाय दिसला."

घरी येऊन मी शेवटचा भाग लिहायला घेतला. समीरला मी बंद दारासमोर बसवलं आणि पुढं काही सुचेना, कारण अजून मलाच माहीत नव्हतं. कान पत्र्याकडे. भांड्यांचे आवाज आले, कांदा परतल्याचा वास आला. दुपारी बराच वेळ काहीच आलं नाही. मग नामदेव कोणाशी तरी फोनवर बोलताना ऐकू आले, शब्द कळले नाहीत. ऊन उतरलं तशी मी सारखी घड्याळाकडे बघायला लागले. देवळ्याची संध्याकाळची गाडी कधी असते ते मला काकांमुळे पाठ आहे. जिन्यात पाऊल वाजतं का म्हणून मी दोनदा दार उघडून बघितलं.

जिना रिकामा होता. परत गॅलरीत आले तेव्हा पत्र्यापलीकडे खुर्ची सरकली. आणि मागोमाग दुसरी सरकली. इतक्या वर्षांत मी त्या गॅलरीत दुसरी खुर्ची सरकलेली ऐकली नव्हती.

काकांनी घसा खाकरला. खाली भाजीवाल्या बाईनं सवयीनं वर बघितलं.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी," काकांचा आवाज अख्ख्या गल्लीवरून गेला. "नाशिकहून देवळ्याला जाणारी सायंकाळची गाडी रद्द करण्यात आली आहे."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. गैरसोयीबद्दलचं ते वाक्य काकांनी गाळलं.